रंगवणाऱ्याने पास करायचं नाही

३ मार्च

विसरभोळ्या बाईसाहेबांना,

मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. ठेंगणी, उजव्या कानाने कमी ऐकणारी, तुला न्हाऊ घालताना साबण डोळ्यांत गेला की तुझे गुद्दे खाणारी. एवढ्या खुणा पुरेत, की आणखी सांगू? माणूस जग बघायला निघालं की घरचे चेहरे आधी पुसले जातात म्हणे. उद्या कुठे रस्त्यात गाठ पडली तर 'आपण कोण?' नको व्हायला.

अक्षर ओळखलं असशील. ते तुझ्या आईचं आहे. हुरळून जाऊ नकोस, तिने अबोला सोडलेला नाही. ती फक्त लिहिते. मी सांगायचं, तिने उतरवायचं, मध्ये पदरचा शब्द घालायचा नाही, असा आमचा करार आहे. मला अक्षर येत नाही, तिला तुझ्याशी बोलता येत नाही, म्हणून आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली. पहिल्याच ओळीला तिने विचारलं, "विसरभोळ्या असंच लिहू?" म्हटलं, "मग काय, लाडक्या लिहितेस?" तेव्हा मुकाट्याने विसरभोळ्या लिहिलं.

आता तुला विसर पडलाच असेल असं धरून पहिल्यापासून सांगते. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत तुझ्या आजोबांपासून आपण एकच काम करतो. ज्याचा डोळा गेला, त्याला दुसरा करून द्यायचा. दिसणारा नव्हे, दिसण्यापुरता. खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा करून बसवून बघायचा, मग पांढऱ्या प्लास्टिकचा भाजून काढायचा. बुबुळ तुझा बाप रंगवतो. लाल रेशमाचा धागा सुईने पिंजून त्याच्या शिरा लावायच्या, ते माझं काम. अजून करते. हात थरथरतात, पण शिरा काही सरळ नसतातच, त्यामुळे माझं म्हातारपण कामाला येतं.

आणि तू. तू बुबुळं रंगवायचीस, अशी की खरा कुठला आणि खोटा कुठला ते त्या माणसाची बायको सांगू शकायची नाही. तान्ह्या मुलांचे डोळे तर तूच करायचीस, कारण तुझ्या मांडीवर ती रडत नसत. हे सगळं एका सकाळी खुंटीला लटकवलंस. ॲप्रनसकट. आणि म्हणालीस, "बाबा, दुसऱ्यांचे डोळे रंगवता रंगवता माझे म्हातारे होतील. मला ते जरा वापरून बघायचेत."

तुझा बाप ब्रश धूत होता. धुतलेला ब्रश पुन्हा धूत बसला. मीच विचारलं, "जग काय तू गेली नाहीस तर बंद पडणार आहे?" तू हसलीस. दारात तुझे दोन जिवलग उभे होते, तेही हसले. तो लांब मानेचा उंट, बँकेतली खुर्ची सोडून आलेला, आणि ती मिरची, जाहिरातींच्या कंपनीतून राजीनामा देऊन आलेली. तिघांनी एकाच महिन्यात नोकऱ्या सोडल्या, जशी काही साथ आली होती. मिरची म्हणाली, "आजी, तुम्हीही चला की." म्हटलं, "माझं जग दोन मजल्यांचं आहे बाई. त्यातला जिनाच अजून बघून संपत नाही."

मग खाली ती जुनी गाडी सुरू झाली, आणि तुझी आई खिडकीशी आलीच नाही.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. तुझे फोटो येतात. तुझी आई ते बघत नाही. फोन माझ्यापुढे धरते, बोटाने तुझा चेहरा मोठा करते आणि स्वतः भिंतीकडे बघते. भिंत बरीच पाठ झाली असेल तिला.

कामाचं म्हणशील तर, आजोबांचा नियम आठवतो का? ज्याने रंगवला त्याने पास करायचा नाही. रंगवणारा त्या एका रंगाकडे इतका वेळ बघतो की त्याची नजर त्याला सरावते, मग चूक असली तरी तिला बरोबर वाटते. म्हणून दुसऱ्याने ताज्या नजरेने बघायचं. आधी उत्तरेच्या खिडकीशी, मग खाली रस्त्यावर उन्हात. तुझे डोळे तो पास करायचा, त्याचे तू. किती भांडायचात! "बाबा, हा माणूस आहे, घुबड नाही, पिवळा कमी करा." आणि तो तणतणत पुन्हा रंगवायचा.

आता पास कोण करतं? तुझी आई म्हणते, "सांगा, होतं सगळं." बरं. होतं सगळं.

परवा तो ट्रंपेटवाला आला होता. गाल फुगवले की ज्याचा डोळा सरकायचा, तो. म्हणाला, "मास्तर, खोलीत ठीक आहे, पण उन्हात माझा हा डोळा परक्याचा वाटतो." तुझा बाप म्हणाला, "हल्ली ऊनच विचित्र पडतं." ट्रंपेटवाला सज्जन माणूस. उन्हाला दोष देऊन गेला.

आणि खारूताई. ती तरी आठवते? बस कंडक्टर बाईची मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून तिचे सगळे डोळे तुझ्या हातचे. चेहरा वाढतो तसा डोळा वाढवावा लागतो, नाहीतर ती बाजू मागे राहते, हे मला तूच शिकवलंस. आताचा तिला लहान पडायला लागलाय, आतल्या आत फिरतो. तुझ्या बापाने कंडक्टरीणबाईला सांगून टाकलंय, "शाळा उघडायच्या आत माझी मुलगी येतेय, तीच करेल." हे तुला माहीत होतं का? मलाही नव्हतं. त्यालाही नव्हतं, बोलता बोलता सुचलं त्याला. आता रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी गल्लीच्या टोकाकडे बघतो.

ये असं मी म्हणत नाही. मी बातम्या सांगतेय.

तुझी आजी


२६ जून

जगप्रवासी महाराणींना,

तुझं कार्ड मिळालं. समुद्र छान आहे, निळा आहे, मोठा आहे. मागे चार ओळी, त्यातली एक हवेवर. "प्रिय आजी, मी मजेत आहे. इथली हवा सुंदर आहे. आम्ही तिघं रोज काहीतरी नवं बघतो. बाबांना सांग, जमलं की येईन." मी तुझ्या आईला एकदाच वाचायला सांगितलं होतं. तिने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा का वाचलंस म्हणून विचारलं, तर म्हणे तुम्हाला ऐकू कमी येतं.

'जमलं की' एवढेच दोन शब्द तुझ्या बापाने धरले. कंडक्टरीणबाई आली की कार्ड दाखवायचा. "बघा, लिहिलंय तिने. जमलं की." ती बिचारी मान हलवायची. असं करत करत शाळा उघडली. पोरीचा डोळा इतका सैल झाला की शिंकली तर हातात यायचा. तेव्हा त्यानेच नवा रंगवला. खिडकीशी बसला, पोरीला समोर बसवलं, गोष्टी सांगितल्या, जीव ओतला. मी शिरा लावल्या. पास झाला. बसवला. पोरगी उड्या मारत गेली.

शाळेच्या मैदानावर ऊन असतं. तिथे पोरांनी तिला गोल करून बघितलं आणि ओरडली, "हिचा एक डोळा निळा! हिचा एक डोळा निळा!" पोरं ती, त्यांना कोणी 'होतं सगळं' असं शिकवलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खारूताई डोळा दप्तरात टाकून, त्या बाजूला रुमाल बांधून शाळेत गेली. बाईंना सांगितलं, लागलंय. किती दिवस ते चाललं ते तिच्या आईलाही कळलं नाही. कळलं तेव्हा ती गणवेशातच जिना चढून आली, तिकिटांचं यंत्र गळ्यात तसंच. डोळा टेबलावर ठेवला. दुसरी बाई असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ही म्हणाली, "ताई कधी येणार?"

तुझा बाप म्हणाला, "बघतो मी, कुठे चुकलंय." डोळा उचलला, खिडकीशी धरला. बराच वेळ बघितला. "मला तर बरोबर दिसतोय," म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "बाई, जग फार मोठं आहे. ताईचं अजून बघून व्हायचंय." ती गेली. खाली बस उभी होती, लोक घंटा वाजवत होते.

तुझा बाप त्या दिवशी जेवला नाही. गल्लीकडे बघणं मात्र चालू आहे.

तुझी आजी

(आईंनी सांगितलेलं सगळं लिहिलं आहे. एक वाक्य गाळलं आहे.)


१० ऑगस्ट

बये,

हेही अक्षर ओळखीचं वाटेल. ज्याचं आहे तो समोर बसून घाम पुसतोय. हो, तुझा उंटच. तुझी आई आता लिहीत नाही, ती खाली औषधं आणायला गेलीय आणि मुद्दाम उशीर करतेय.

हा परत येऊन पुष्कळ दिवस झाले. आपल्या गल्लीतून जात नव्हता, मागच्या रस्त्याने वळसा घालून बँकेत जायचा. आज स्वतःच्या बापासाठी गोळ्या घ्यायला खालच्या दुकानात आला, आणि मी जिन्यात होते. मान एवढी लांब असली की माणसाला लपता येत नाही. "ए उंटा!" म्हणून हाक मारली. त्याने आधी काउंटरवरच्या खोकल्याच्या बाटलीकडे बघितलं, जणू काही ती बोलली.

वर आणला. म्हटलं, "तू इथे आहेस. मग 'आम्ही तिघं रोज नवं बघतो' त्यातला तिसरा कोण?"

आधी म्हणाला, "आजी, मी तिला शब्द दिलाय." मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "दिलास ना? मग बस शब्द सांभाळत. जिना माझ्या मागे आहे."

मग सांगितलं त्याने. आणि जे सांगितलं ते त्याच्याच हाताने लिहून घेतेय. ज्याची तक्रार त्याच्याच हातून लिहून घ्यावी, अक्षर आपोआप वळणदार येतं.

जग बघायला गेलेली तिघं शाण्णव विषयांवर भांडली म्हणे. गाडीत खिडकीशी कोण बसणार, कोणाची गाणी लावायची, रात्री दिवा कोणी बंद करायचा. मिरची एका फळबागेत थांबली, चार दिवस म्हणून, आणि त्या बागवाल्याचीच झाली. मग गाडी विकली. मग बँकेतून याला निरोप आला की खुर्ची अजून रिकामी आहे. "मग आम्ही वेगळे झालो," असं याने लिहिलं होतं. मी म्हटलं, "वाच." वाचलं. म्हटलं, "खोड ते. वेगळी होतात ती वाटाण्याची टरफलं. नीट लिही, काय झालं?"

मी तिला स्टेशनवर एकटीला सोडून आलो.

हां. हे बरं लिहिलंस बाबा. पाणी पी.

आणि तू म्हणे त्याच शहरात एका मोठ्या हॉटेलात, तळघरात, कपडे धुण्याच्या खात्यात उशांचे अभ्रे इस्त्री करतेस. तिथे खिडकी नाही. आणि फोटो पाठवतेस ते याने काढलेले, पहिल्या वर्षाचे, एकेक राखून ठेवलेले. माझ्या मनात आलंच होतं गं. चार देश पालथे घातलेस आणि केस बोटभर वाढले नाहीत, शर्टाचं तेच बटण तुटलेलं. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मी चित्र जरा नीट बघते.

तुझा राग आला का म्हणून हा विचारतोय. लिही बाबा: आला. पण गेलीस म्हणून नाही. माणसाने जावं. मलाही एकदा जायचं होतं, मला कुणी गाडी घेऊन बोलवायला आलं नाही एवढंच. राग याचा आला की तिथे तू अंधारात दुसऱ्यांच्या उशा गुळगुळीत करत बसलीस, आणि इथे तुझा बाप 'जमलं की' म्हणत एका पोरीचं हसं करून बसला, आणि तुम्ही दोघंही 'मजेत आहे, मजेत आहे' म्हणून एकमेकांना कळवता. तू बापाचीच लेक, यात शंका नाही. दोघांनाही स्वतःचं फुटलेलं दिसत नाही, दुसऱ्याला मात्र हुबेहूब जोडून देता.

आता ते गाळलेलं वाक्य. गेल्या खेपेला तुझ्या आईने एक वाक्य गाळलं असणार. मी सांगितलं तेव्हा पेन थांबलं, मग कागदाला न टेकता तसंच वर वर फिरलं. मी निरक्षर आहे, पेन कागदाला लागतंय की नाही ते मला दिसतं. वाक्य हे होतं: खारूताईचा डोळा तुझ्या आईने पास केला.

तिचाच नाही. ट्रंपेटवाल्याचा, त्याच्या आधीचे, नंतरचे, तू गेल्यापासूनचे सगळे. तुझा बाप विचारायचा, "बघ गं, जमलाय?" आणि ही खिडकीशी जाऊन, खाली उन्हात जाऊन, वर येऊन सांगायची, "जमलाय." तिला निळी झाक दिसत होती. दिसत असून जमलाय म्हणायची. मी तिला सरळ विचारलं. आधी म्हणाली, "त्यांचा चेहरा बघितलात का, जमलाय म्हटल्यावर कसा होतो ते?" मग म्हणाली, "तिच्यावाचून इथे काही अडत नाही, एवढं मला तिला दाखवायचं होतं." दाखवलं. आता गावात माणसं एक डोळा काळा आणि एक निळसर घेऊन हिंडतायत, आणि ज्या पोरीला दाखवायचं ती तळघरात. तिला कोण दाखवणार?

तुझ्या बापाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. पिकत आलेला. कंडक्टरीणबाई येऊन गेल्यावर तुझ्या आईनेच त्याला ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, अशाने निळं दिसेनासं होतं, म्हणून हात आपोआप निळं जास्त घालतो. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेला माणूस, त्याला वाटत होतं खिडकीची काच मळलीय. रोज पुसून घ्यायचा माझ्याकडून. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे.

तळघराचं मी त्याला सांगितलेलं नाही. डोळे बांधून घ्यायला निघालेल्या माणसाला काय काय दाखवायचं?

उंट विचारतोय की शेवटी त्याच्याकडून काही लिहू का. मी म्हटलं, तुझ्याकडून एकच वाक्य होतं, ते लिहून झालं.

आजी


९ ऑक्टोबर

बयो,

हे अक्षर तुझ्या बापाचं. नको म्हणत होता. "आई, मला नाही जमत पत्रं." म्हटलं, "दोघांचं लिहून झालं, आता पाळी तुझी. या घरात ज्याचं जे असेल ते त्याच्याच हातून लिहायचं." बसलाय आता, चष्मा नवा आहे, दर ओळीला काढून पुसतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी सुटली त्या दिवशी आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" म्हटलं, "तू बघत नव्हतास तेव्हा." मग तुझ्या आईकडे बघितलं, तिच्याबद्दल काही बोलला नाही, शहाणा आहे. आणि लगेच कामाच्या खोलीत गेला.

ट्रेमध्ये परत आलेले डोळे होते. पोरीचा, आणखी दोघा-तिघांचे, आणि ट्रंपेटवाल्यासारख्यांना जे देऊन टाकले त्यांचे नमुने. मखमलीवर मांडून ट्रे खिडकीशी नेला. उभा होता तो खाली बसला. मी मागून बघत होते. सगळे डोळे त्याच्याकडे बघत होते, एकूण एक निळसर, जशी काही एकाच आईची पोरं.

तुझी आई दाराशी आली. त्याने मान न वळवता विचारलं, "हे तू पास केलेस?"

"हो."

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

बस. भांडण नाही, रडारड नाही. मला वाटलं होतं काहीतरी फुटेल, मी काचेची बरणी आधीच उचलून ठेवली होती. तो उठला, नवीन रंग काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेकाला बोलावून घेतलं. "माझं चुकलं, पुन्हा करून देतो." ट्रंपेटवाला म्हणाला, "मास्तर, मी तर उन्हाला शिव्या देत होतो."

एवढं लिहून हा पुन्हा चष्मा पुसायला लागलाय. लिही, लिही. पुढे तुझं चांगलंही आहे.

रंगवून झाले, पण पास कोण करणार? तुझी आई म्हणाली, "आता मी नीट बघेन." तो म्हणाला, "तुझ्या नजरेत दोष नाही. म्हणूनच तू नको." हे मात्र तिला लागलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून, भिंतीला ऐकवावं तसं म्हणाली, "मग बोलवा ना तिला." तू गेल्यापासून तुझं नाव न घेता का होईना, कोणी न विचारता तुझ्याबद्दल तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य ते. मी तर रेशमाचा धागा हातातून टाकला. आणि तुझा बाप, रोज गल्लीकडे बघणारा तुझा बाप म्हणाला, "नाही. जिला यायचं ती येते. पोरीची शाळा थांबत नाही."

तयार डोळे ट्रेमध्ये पडून राहिले. नियम म्हणजे नियम. तुझ्या आजोबांनी घालून दिलेला, मोडायचा कोणी?

मोडला खारूताईने. कंडक्टरीणबाई तिला घेऊन आली, रुमाल बांधलेला तसाच. तुझ्या बापाने डोळा बसवला, तिच्या हातात आरसा दिला, आणि इकडे तिकडे बघायला लागला, कोणाला विचारावं म्हणून. पोरगी आरसा घेऊन उठली आणि थेट जिना उतरली. आम्ही खिडकीतून बघतोय. रस्त्याच्या मधोमध, उन्हात, नाकाला नाक लावून आरशात बघत उभी. रिक्षावाला ओरडतोय, तिला पत्ता नाही. वर आली, म्हणाली, "नाही. हा हिरवा आहे."

तुझ्या बापाने पुन्हा रंगवला. पुन्हा खाली. पुन्हा वर. "आता जास्त काळा. माझा मधे चहासारखा आहे." तिची आई ओशाळली, म्हणाली, "अगं, गप्प बस, मास्तरांना शिकवतेस?" तो म्हणाला, "शिकवू द्या. घुबड होण्यापेक्षा बरं." आणि हसला. ते हसणं मी तुझ्या वेळचं ऐकलेलं, त्यानंतर आत्ता.

मग आणखी एकदा रंगवला. पोरगी खाली गेली. आरशात बघितलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला, सावलीत गेली, उन्हात आली. आणि वर आलीच नाही. समोर मैदानात पोरं खेळत होती, तिकडे पळाली. रुमाल रस्त्यात पडला होता, तिच्या आईने उचलला आणि खालून आम्हाला हात केला. पास झाला.

तेव्हापासून तेच चालतं. ज्याचा डोळा त्यानेच पास करायचा. ट्रंपेटवाला खाली उभा राहून ट्रंपेट वाजवूनच पास करतो. तुझ्या स्टुलावर आता लोक आरसा घेऊन बसतात. पोरगी आली की तिचंच ते, पाय हलवत बसते. तुझा ॲप्रन मी धुऊन तुझ्या आईला दिला, ती घालते, मोजमापं घेते. तिचं मोजमाप चांगलं आहे, त्यात खोटं बोलता येत नाही.

तर अशी तुझी जागा भरली, बयो. सकाळी गल्लीकडे आता कोणी बघत नाही. हे वाक्य ऐकून याने मान वर केली. मी म्हटलं, "खोटं आहे का?" म्हणाला, "नाही." म्हटलं, "मग लिही."

आणि आता तळघराचं. ते मी याला आजवर सांगितलं नव्हतं. आत्ता सांगते, याच ओळीत, म्हणजे तो लिहिता लिहिता वाचेल. तुझी मुलगी एकटी आहे. तिचे जिवलग तिला सोडून गेले त्याला वर्ष होत आलं. ती एका हॉटेलच्या तळघरात, जिथे खिडकी नाही तिथे, उशांचे अभ्रे इस्त्री करते, आणि तुला जुने फोटो पाठवते.

पेन ठेवलं त्याने.

खिडकीशी गेला. काच पुसली, स्वच्छ होती तरी. मग परत येऊन बसला, चष्मा पुसला, घातला, म्हणाला, "सांग पुढे."

पुढे काय सांगू? ये म्हणावं तर तुझ्यासाठी अडून बसलेलं इथे काही उरलेलं नाही, आणि ते तू ऐकलंस. येऊ नकोस म्हणायला मी कोण, जिना काही माझ्या बापाचा नाही. आलीस तर कोणी ओवाळणार नाही, कोणी हाकलणारही नाही. कामाला लागायचं असेल तर नवीन माणसासारखं दाराशी उभं राहावं लागेल, स्टूल मोकळं होईपर्यंत. तुझा बाप इथे स्वतःचं काहीतरी लिहू म्हणतोय. मी म्हटलं, करार तो करार. जे तुला सांगायचं ते तिने समोर उभं राहून विचारलं तर सांग.

कार्ड पाठवू नकोस. आमचा समुद्र बघून झाला. पाठवायचंच असेल तर त्या तळघरात दुपारी कामगारांना जे खायला देतात, त्यातलं टिकेल ते पाठव. पाव देत असतील तर पाव, सुकी बिस्किटं देत असतील तर ती. दुकानातलं, चकचकीत कागदातलं पाठवलंस तर परत पाठवीन. तुझ्या ताटातलं हवं. वाचता येत नाही मला, चव कळते. वाटेत वाळून कडक झालं तरी हरकत नाही, पाण्यात बुडवून खाऊ. आणि एकाच माणसापुरतं पाठवू नकोस. तुझी आई मघापासून दाराशी उभी आहे, ती वाटा मागणार.

आजी